डाव्या पायाचं कोटेशन

समोरचा माणूस चालू लागला की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत. डोळे मिटलेले, हात पाठीमागे, मान किंचित एका बाजूला कललेली. माणूस चार पावलं जाऊन परत आला की वळून सांगत, तुमची कुठली टाच आधी टेकते, कुठला पाय ओढला जातो, वजन कुठे पडतं. बूट बनवणारा माणूस पायांकडे का बघत नाही, हा प्रश्न नव्या गिऱ्हाइकाला पडायचाच. कुणी विचारलं तर म्हणत, डोळ्यांपेक्षा कानाला जास्त कळतं. मलाही पुष्कळ दिवस तेच कारण खरं वाटत होतं.

त्यांची माझी पहिली भेट माझ्या ऑफिसात झाली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी पुण्याहून नुकतीच हैदराबादला आले होते. विद्यानगरात एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत, वेबसाइट बनवणारी आमची कंपनी होती. साहेब धरून सहा माणसं. त्या दिवसांत शहरात ज्याला त्याला वेबसाइट हवी होती. लग्नाच्या हॉलवाले यायचे, मोत्यांचे दुकानदार यायचे, कोचिंग क्लासवाले तर रोजच यायचे, आणि खुर्चीत बसायच्या आधी भाव विचारायचे.

हे आले ते पत्र घेऊन. रेघांच्या कागदावर, वळणदार बाळबोध अक्षरात, मराठीत. वर लिहिलं होतं, ‘विषय : वेबसाइटचे कोटेशन मिळणेबाबत.’ खाली तीन प्रश्न. हा पत्ता किती वर्षे टिकेल? आपली कंपनी बंद पडल्यास तो कोण सांभाळील? आणि रस्ता रुंद झाला तर या पत्त्याला काही होते का? साहेब तेलुगू. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि ऑफिसातली एकुलती एक मराठी मुलगी म्हणून माझ्याकडे सरकवला. तिसरा प्रश्न मी हिंदीत करून सांगितला तेव्हा सगळे हसले. ते हसले नाहीत आणि त्यांना रागही आला नाही.

मला म्हणाले, "बेटा, जरा दारापर्यंत जाऊन ये."

बाहेर काही दाखवायचं असेल असं वाटून मी गेले. वळून पाहिलं तर हे आमच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे. मी परत येऊन बसले तशी म्हणाले, तुझी उजवी टाच बाहेरच्या अंगानं घासते, नवी चप्पल तुला सहा महिने जात नसेल. खरंच जात नव्हती. मग त्यांनी बजावलं की कोटेशन असं बसल्या जागी द्यायचं नाही, आधी दुकान बघायचं. "मी पण पाय ऐकल्याबिगर कुणाला भाव सांगत नाही," असं म्हणून ते जिना उतरून गेले.

पुढे कळलं की तसंच पत्र त्यांनी आणखी तीन कंपन्यांना दिलं होतं. दोघांनी त्याच दिवशी आकडा टाइप करून पाठवला. ते दोन्ही कागद त्यांनी ‘न बघता दिले’ असा शेरा मारून सुतळीनं बांधून ठेवले होते. तिसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. म्हणजे आम्हाला काम मिळालं ते मी अंबरपेठेत गेले म्हणून.

दुकान अंबरपेठेत, एका किराणा दुकानाच्या बाजूच्या गल्लीत होतं. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. वस्तीत त्यांना ‘बूटवाले साब’ म्हणत. भिंतीला वरपासून खालपर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर लाकडाचे पाय. ज्यावर चामडं ओढून बूट बांधतात ती कलबुतं. आखूड, वाकडी, अंगठ्याशी दुमडलेली, मुलांची, म्हाताऱ्यांची. प्रत्येक पायाखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव. तापात पाय गेलेली मुलं, अपघातात चवडा तुटलेले मजूर, जन्मापासून पाऊल आत वळलेली एक शिक्षिका. बाजारातला बूट ज्यांच्या पायात शिरणार नाही अशीच त्यांची सगळी गिऱ्हाइकं होती. दोन्ही बूट सारखे कधी केले नाहीत. अगदी धडधाकट माणसानं मागितले तरी ते दोन पायांची वेगवेगळी मापं घेत, आणि तीही इंचात नाही. बोटांत घेत. स्वतःच्या डाव्या हाताची बोटं आडवी लावून साडेतीन बोटं, सव्वापाच बोटं असं वहीत मांडत. ती वही दुसऱ्या कुणाच्याच कामाची नव्हती.

चहा मात्र ते स्वतः करत आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी पेल्याला हात लावून बघत. कडक असला तर पेला धरून ठेवत. "हल्लू पी," म्हणत. त्यांच्या बोलण्यात असे दख्खनी शब्द सहज येत. घराणं निजामाच्या राज्यातल्या शेतकऱ्यांचं, पण वडिलांच्या वेळेपासून शहरात. घरची मराठी त्यांनी जपली होती, पण मधेच ‘हौ’ म्हणत, मधेच ‘नक्को’, आणि शेजारणीशी तेलुगूत भांडत.

चामड्याच्या कामात ते जन्मानं नव्हते. आधी ते एका सरकारी कचेरीत कारकून होते. मुलगा दोन वर्षांचा असताना ताप आला आणि त्याचा डावा पाय गेला. दवाखान्यातून लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला तो इतका जड की पोर उभं राहायच्या आधीच पडे. दोन-तीन वर्षं त्यांनी शहरातला एकेक बूटवाला पालथा घातला. शेवटी चारमिनारच्या बाजूला एका म्हाताऱ्या उस्तादाकडे रोज कचेरी सुटल्यावर जाऊन बसू लागले. उस्तादानं सहा महिने फक्त चामडं भिजवायला लावलं. मग चामडं कापायची रापी हातात दिली. ही गोष्ट घरात कळली तेव्हा गावाकडे शेती सांभाळणारा थोरला भाऊ आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, ज्या हातानं कातडं कापतोस त्या हातचं पाणी मी पिणार नाही. तो पुन्हा कधी आला नाही. यांनी नोकरी सोडली आणि गौलीगुड्यात, बसस्टँडच्या मागे, दुकान टाकलं.

हे सगळं मला त्यांनी सांगितलं नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलं, पण ते नंतर.

कोटेशन आम्ही पाच वेळा बदललं. साहेब त्यात दर वेळी काहीतरी वाढवायचे. ऑनलाइन ऑर्डर, किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा, हलणारं चित्र. हे दर वेळी पेन्सिलीनं सगळं खोडून आणत. त्यांना एकच पान हवं होतं. वर जुन्या दुकानाचा पाटीसकट फोटो. त्याखाली गौलीगुड्याच्या बसस्टँडपासून अंबरपेठेच्या नव्या दुकानापर्यंत कसं यायचं ते. बस, थांबा, डावीकडची गल्ली, किराणा दुकान, सगळं. शेवटी आमचा मेलचा पत्ता. साहेब वैतागून म्हणाले, यानं गिऱ्हाईक कसं वाढणार? त्यावर हे म्हणाले की गिऱ्हाईक आहे तेवढं पुष्कळ आहे. मग वेबसाइट कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. पण पत्रातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी द्या म्हणून अडून बसले. कंपनी बंद पडली तर पत्ता कोण सांभाळील? पाचव्या कोटेशनात त्या जागी मी सरळ माझं नाव लिहिलं. साहेब चिडले. यांनी मात्र ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

जुन्या दुकानाचा तो फोटो आणायला मी दुपारची गेले होते. ते चामडं आणायला बाजारात गेले होते. काकूंनी मला वर बोलावलं, पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि मी न विचारता बोलू लागल्या.

मुलासाठी केलेला पहिला बूट जमायला वर्ष लागलं होतं. तो घालून पोर दारापर्यंत गेलं त्या दिवशी हे लहान मुलासारखे रडले. नंतर दुकानात जो जो येई त्याच्यापुढे मुलाला हाक मारत. चालून दाखव. बूट काढून दाखव. आता बिनबुटाचा चाल, आता बूट घालून चाल. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी येई आणि अधू पायाचं पोर कडेवर घेऊन आलेल्या बाईला आशा वाटे. "यांना अभिमान होता गं," काकू म्हणाल्या. "पोराला काय वाटतं, ते आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सहा वर्षांचा असल्यापासून तो चालून दाखवत होता."

तो एकोणीस वर्षांचा असताना कॉलेजातले तिघे त्याला बोलवायला दुकानात आले. त्यांत एक मुलगी होती. त्याच वेळी दुकानात गिऱ्हाईक होतं. यांनी नेहमीसारखी हाक मारली. मुलानं एकदा वडिलांकडे पाहिलं. मग बूट काढला, फरशीवर अनवाणी लंगडत दारापर्यंत गेला, आला, बूट घातला, पुन्हा गेला, आला. मग बूट काढून गल्ल्याजवळ ठेवला, दाराशी पडलेल्या रबरी चपला पायात सरकवल्या आणि गेला.

पेपरात जाहिरात दिली, स्टेशनं धुंडाळली. पहिल्या वर्षी गौलीगुड्याच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. मी बरा आहे, शोधू नका. शिक्का पुसट होता, गाव लागेना. मग रस्ता रुंद झाला, ते दुकान आणि त्यामागचं घर दोन्ही गेलं आणि यांना सगळं इकडे अंबरपेठेत आणावं लागलं. जुना पोस्टमन तिकडे आलेली पत्रं आठवणीनं इकडे पाठवायचा. त्याची बदली झाली. "तेव्हापासून यांच्या डोक्यात बसलंय," काकू म्हणाल्या, "की दुसरं कार्ड आलं असेल आणि परत गेलं असेल. कुणीतरी सांगितलं, कम्प्युटरवरचा पत्ता हलत नाही."

मी विचारलं, काका भिंतीकडे तोंड करून का उभे राहतात? काकू म्हणाल्या, "त्या दिवसापासून त्यांनी कुणाला चालताना बघितलं नाही."

त्या वेळी कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं धड उमटत नसत. म्हणून मजकूर त्यांनी हातानं लिहिला आणि तो कागदच आम्ही फोटोसारखा पानावर चढवला. शेवटची ओळ त्यांनी आयत्या वेळी, उभ्या उभ्या लिहिली. ‘आमच्या दुकानात कुणाच्याही चालण्याकडे पाहिले जात नाही.’ साहेबांना अर्थ सांगितला तर म्हणाले, ही कसली जाहिरात? मी कागद तसाच चढवला.

आठ-नऊ महिन्यांनी मेल आला. तोवर कुठून कुठून बरेच आले होते, नांदेडहून, गुलबर्ग्याहून, एक थेट आखातातून. हा इंग्रजीत होता, नाव-गाव नसलेला. डाव्या पायाच्या एका बुटाचं कोटेशन पाठवावं, मापं खालीलप्रमाणे. खाली सात आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे इंच नाही, सेंटिमीटर नाही. बोटं.

मी कागद छापून घेतला आणि मिळाली त्या बसनं अंबरपेठेला गेले. त्यांनी तो दोनदा माझ्याकडून वाचून घेतला. मग डाव्या हाताची बोटं फळीवर आडवी लावून एकेक माप पाहिलं. सातही झाल्यावर मागच्या मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. काकू खाली आल्या तेव्हा मीच त्यांना सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या.

ते बाहेर आले ते पावतीपुस्तक घेऊन. म्हणाले, कोटेशन मागितलंय, कोटेशन द्यायचं.

"अहो, लेकाला भाव सांगता?"

"तो लेक म्हणून आला नाही. गिऱ्हाईक म्हणून आला. ज्या दारानं आला त्याच दारानं आत घ्यायला पाहिजे. नाव घेतलं तर जाईल निघून."

काकू रडत होत्या. काकांनी मला मजकूर सांगितला, इतर कुणालाही सांगितला असता तसाच. चामडं कुठलं, तळ किती जाड, तीन आठवडे मुदत, भाव नेहमीचा. बूट कुठे पाठवायचा तो पत्ता कळवावा. खाली फक्त दुकानाचं नाव.

मी निघाले तेव्हा काकू गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "एक ओळ घाल. आई वाट बघते, एवढंच. यांना सांगू नको."

ऑफिसात येऊन मी सगळं टाइप केलं. ती ओळ रोमन अक्षरांत लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. मला माझी आई आठवत होती. तिसऱ्यांदा लिहून पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही. ते दर गुरुवारी जिना चढून येत, माझ्या टेबलापाशी उभे राहत आणि विचारत, काही आलं? मी नाही म्हणत असे. "हौ," एवढं म्हणून ते उतरून जात. बूट त्यांनी मुदतीत, तीन आठवड्यांत केला होता.  काकांनी सांगितलं होतं तसंच झालं, त्यांच्या मुलाला मी पळवून लावलं, असं मला रोज वाटायचं, आणि गुरुवारी त्यांच्या पावलांचा आवाज आला की मी काहीतरी शोधत असल्यासारखी ड्रॉवर उघडून बसायची.

पुढच्या वर्षी वेबसाइटीचा बाजार बसला. आमची कंपनीही बंद झाली. मला पुण्यात काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी मी अंबरपेठेला गेले आणि दुकानात त्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगून टाकलं. ते चामडं तासत होते. हात थांबला नाही.

"मला मालूम आहे," ते म्हणाले. "तुझ्या काकूनं दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं."

म्हणजे इतके गुरुवार त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाही?

"काय बोलू? ती ओळ मी लिहायला पाहिजे होती. मी भाव लिहीत बसलो."

मी म्हटलं, आता लिहा, मी आजच पाठवते. मी कागद पुढे केला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कागदावर वाकले. पुष्कळ वेळ गेला. बाहेर किराणावाल्याकडे कुणीतरी तूरडाळ मागत होतं. शेवटी त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर सात मापं लिहिली होती, बोटांत. त्याखाली काही नव्हतं.

"दुसरं काही येत नाही मला," ते म्हणाले.

पुण्याला आल्यावर त्या पानाचं वर्षाचं नूतनीकरण मी करत राहिले. मेल माझ्याकडे येत. गिऱ्हाइकांचे असले तर फोनवरून मी ते वाचून दाखवी. ते ऐकून घेत आणि शेवटी थोडं थांबत. मी म्हणे, बाकी काही नाही काका.

चौथ्या वर्षी फोन आला तो काकूंचा. दुपारी दुकानात काम करता करता ते गेले होते. तेरावं झाल्यावर त्यांनी कळवलं. म्हणाल्या, पानावर लिही, उगाच लांबून लोक येतील. मी लिहिलं की दुकानाचे मालक वारले, दुकान बंद आहे, घरची माणसं वरच राहतात.

चौथ्या दिवशी त्या बिननावाच्या पत्त्यावरून मेल आला. आई कशी आहे? फोन आहे का तिच्याकडे?

मी नंबर पाठवला. मुलगा घरी, आईकडे आला. विशाखापट्टणमला एका छापखान्यात कामाला होता. आठवडाभरानं काकूंनी मला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो महिन्यातून एकदा सायबर कॅफेत जाऊन ते पान उघडायचा आणि वडिलांच्या अक्षरातलं सगळं वाचून बंद करायचा. कोटेशनही त्याला मिळालं होतं. ती ओळ वडिलांनीच लिहिली असं तो धरून चालला होता. स्वतःचं नाव घ्यायला जमलं नाही म्हणून आईला पुढे केलं, असं त्याला वाटलं. तो दुसऱ्या पत्राची वाट बघत राहिला. त्यात वडील स्वतः काहीतरी लिहितील म्हणून.

 काकू म्हणाल्या, "मी सांगितलं त्याला की ओळ माझी होती, बापाला ठाऊक पण नव्हती." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "ठाऊक होती आणि तरी दुसरं पत्र लिहिलं नाही, हे आता त्याला कशाला कळायला पाहिजे? तुला विचारलं तर तू पण तसंच सांग."

विचारणार नाही असं मला वाटलं होतं. पण दोन दिवसांनी त्याचा मेल आला, दोन ओळींचा. आई म्हणते बाबांना ती ओळ माहीत नव्हती. तुम्ही त्यांना दर आठवड्याला भेटत होता म्हणे. आई म्हणते ते खरं आहे का?

मी दुपारभर त्या मेलसमोर बसून होते. संध्याकाळी ‘खरं आहे’ असं लिहिलं आणि पाठवून दिलं.